आयुष्यभराचा संग्रह कधी आणि कसा सोडावा?

तुमच्या घरातल्या एखाद्या कपाटात असे काहीतरी असेलच. टपाल तिकिटांचे अल्बम, जुन्या नाण्यांचा डबा, ग्रामोफोनच्या तबकड्या, पितळी दिवे, दिवाळी अंकांचे गठ्ठे. ते तुमचे असेल, किंवा तुमच्या वडिलांचे, आजोबांचे. कुणीतरी चाळीस-पन्नास वर्षे एकेक वस्तू शोधून, पदरमोड करून, घरच्यांची थोडी बोलणी खाऊन हे जमवलेले असते. आणि मग एक दिवस प्रश्न उभा राहतो. याचे आता काय करायचे?

वरवर पाहता हा व्यवहाराचा प्रश्न वाटतो. किती पैसे येतील, कोण घेईल, केव्हा विकले तर भाव चांगला मिळेल? मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी असल्यामुळे मलाही आधी तसेच वाटले होते. पण ज्याने आयुष्यभर काही जमवले आहे, त्याच्या शेजारी बसून तुम्ही त्या वस्तूंची यादी करू लागलात, तर लक्षात येते की त्याला किमतीच्या आधी दुसरेच काही टोचते आहे. आपले म्हणून जे सांभाळले, ते खरोखर किती आपले असते? ते सोडले तर आपल्यातले काय कमी होते? आणि सोडायचेच असेल, तर ते आपण सोडावे की आपल्यामागे इतरांनी?

एक यादी आणि एक पाकीट

माझे आजोबा इंदूरला राहतात. रेल्वेत कारकून होते. वय 78. शाळेत असल्यापासून ते टपाल तिकिटे जमवत आले. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी मला सांगितले, “तू हिशेबाचं शिकतेस ना, मग माझ्या अल्बमांची एक नीट यादी करून दे.” रोज दुपारी चहा झाला की आम्ही बसायचो. ते सांगायचे, मी वहीत लिहायची.

एकूण अकरा अल्बम निघाले. त्यांतला एक होळकर संस्थानाच्या तिकिटांचा. इंदूर संस्थानाची स्वतःची तिकिटे होती, पहिले 1886 साली निघाले, हे मी इंदूरला इतक्यांदा जाऊनही मला ठाऊक नव्हते. दुसऱ्या एका अल्बममध्ये 15 ऑगस्ट 1948 रोजी निघालेली गांधीजींची तिकिटे होती. तो संच चार तिकिटांचा आहे: दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. आजोबांकडे पहिली तीन आहेत. ती त्यांच्या वडिलांनी टपाल कचेरीतून घेतली होती. चौथे घेता आले नाही, कारण त्या काळी दहा रुपये ही मोठी रक्कम होती. अल्बममध्ये चौथ्या तिकिटाची जागा सत्त्याहत्तर वर्षे मोकळी आहे.

प्रत्येक तिकिटामागे एक हकिगत होती. कुठले तिकीट कुणी दिले, कुठले कशाच्या बदल्यात घेतले, कुठल्या महिन्यात पगारातून पैसे काढल्यामुळे आजीने दोन दिवस अबोला धरला. सातव्या अल्बममध्ये मात्र एक जुने पाकीट निघाले. आजोबांनी ते हातात घेतले, उलटसुलट केले, चष्मा पुसून पुन्हा पाहिले. “हे कुणी पाठवलं बरं?” असे म्हणाले आणि बराच वेळ गप्प बसले. मला वाटले, आठवेल थोड्या वेळाने. पण ते आठवले नाही. त्या संध्याकाळी त्यांनी अल्बम लवकर मिटला.

दुसऱ्या दिवशी चहा घेताना ते शांतपणे म्हणाले, “आता हे योग्य हाती द्यायला हवं. मला सांगता येतंय तोवर.”

या लेखात मला जे सांगायचे आहे, ते त्यांच्या या एका वाक्यात आहे. संग्रह सोडणे हे संग्रह करण्याचेच शेवटचे काम आहे. ज्याला त्या वस्तूंची ओळख आहे त्यानेच, ती ओळख शाबूत असताना, ते पार पाडायला हवे.

आपण नेमके काय जमवत असतो?

आजीचे म्हणणे वेगळे होते. “जन्मभर जमवलं आणि आता विकायचं? मग जमवलं कशाला?” तुमच्याही मनात हा प्रश्न असेल. जमवलेले विकणे म्हणजे जुन्या प्रेमाशी बेइमानी, असे आपल्याला वाटते.

बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य आणि मैत्रेयी यांचा संवाद आहे. याज्ञवल्क्य गृहस्थाश्रम सोडून निघण्यापूर्वी आपल्या दोन पत्नींमध्ये मालमत्तेची वाटणी करू पाहतात. मैत्रेयी विचारते, ही संपत्ती घेऊन मी अमर होईन का? उत्तर येते, नाही. सुखवस्तू लोकांचे आयुष्य जसे जाते तसे तुझे जाईल, एवढेच. त्यापुढे याज्ञवल्क्य तिला समजावतात की धन धनासाठी प्रिय नसते, आत्म्यासाठी प्रिय असते. वस्तूत दिसणारा गोडवा आपल्या आतून तिच्यावर पडलेला असतो.

हे तत्त्वज्ञान तुम्हाला फार वरचे वाटत असेल, तर तुमच्या संग्रहातल्या एखाद्या वस्तूकडे बघा. आजोबांचे तिकीट म्हणजे कागदाचा एक तुकडा. त्यावर शाई, मागे गोंद. त्या तुकड्यावर त्यांनी लक्ष दिले. भिंग लावून छिद्रे मोजली, पावसाळ्यात दमट हवेने तांबूस ठिपके पडू नयेत म्हणून अल्बम उन्हाळा-पावसाळा जपले, ग्रंथालयात बसून माहिती काढली. या सगळ्यातून त्यांना जे मिळाले ते म्हणजे एकाग्रता, चिकाटी, बारकावे पाहणारी नजर आणि तिकिटांच्या निमित्ताने जोडलेली माणसे. हे कुणी विकत घेऊ शकत नाही आणि अल्बम गेला तरी हे जात नाही.

यातून आसक्तीची एक खूणही हाती येते. वस्तू पाहून मन उघडते, आनंदाने कुणाला दाखवावेसे वाटते, तोवर तो छंद आहे. वस्तू पाहून मन आखडते, कुणी मागेल, कुणी हात लावेल, किंमत कमी होईल अशी धास्ती वाटते, तेव्हा मालक कोण आणि वस्तू कोण हे उलटे झालेले असते. तुमच्या कपाटापाशी उभे राहून एकदा पाहा, तुमचे मन उघडते आहे की आखडते आहे?

एका तिकिटाचे अनेक मालक

जगातले सर्वांत प्रसिद्ध टपाल तिकीट कदाचित ‘ब्रिटिश गयाना एक सेंट’ हे असेल. 1856 साली दक्षिण अमेरिकेतल्या त्या वसाहतीत इंग्लंडहून तिकिटे वेळेवर पोहोचली नाहीत, म्हणून तिथल्या वर्तमानपत्राच्या छापखान्यात किरमिजी कागदावर काळ्या शाईने तात्पुरती तिकिटे छापली गेली. त्यांतले एक सेंटचे हे एकच उरले आहे. 1873 साली ते बारा वर्षांच्या एका शाळकरी मुलाला घरच्या जुन्या कागदांत सापडले. त्याने ते सहा शिलिंगांना विकले.

त्यानंतर ते फिलिप फेरारी या जगद्विख्यात संग्राहकाकडे गेले, मग एका अमेरिकन कारखानदाराकडे, आणि असे पुढे पुढे. एका मालकाने ते 1980 साली साडेनऊ लाख डॉलरांच्या आसपास घेतले. तो 2010 साली तुरुंगात वारला. 2014 साली ते सुमारे 95 लाख डॉलरांना विकले गेले. 2021 साली त्याच मालकाने ते विकले तेव्हा सुमारे 83 लाख डॉलर मिळाले. “जुन्या वस्तूचा भाव चढतच जातो” असे आपण सहज म्हणतो. जगातल्या सर्वांत दुर्मिळ तिकिटाच्या बाबतीतही ते दरवेळी खरे ठरले नाही.

मला या कथेत सगळ्यांत आवडलेली गोष्ट अशी, की या तिकिटाच्या मागच्या बाजूला निरनिराळ्या मालकांनी आपापली छोटी खूण करून ठेवली आहे. ते सगळे त्याचे मालक होते आणि आता त्यांतल्या बहुतेकांची तिथे एक बारीक खूण तेवढी उरली आहे. तिकीट पुढे चालत राहिले.

आपण ज्याला मालकी म्हणतो ती फार तर काही वर्षांची राखण असते. आपल्याकडे वस्तू येण्याआधी ती कुणाकडे तरी होती, आपल्यानंतरही ती कुणाकडे तरी असेल. राखण करणाऱ्याला दोनच गोष्टी पाहायच्या असतात: आपल्या हाती असताना वस्तू बिघडू नये, आणि आपल्या हातून ती नीट पुढे जावी.

कधी सोडावा?

कठोपनिषदाची सुरुवात तुम्हाला माहीत असेल. नचिकेताचे वडील सर्वस्व दान करण्याचा यज्ञ करतात. पण दानाला ज्या गायी निघतात, त्या म्हाताऱ्या, आटलेल्या, ज्यांना आता चारापाणीही घेता येत नाही अशा असतात. ते पाहून लहानग्या नचिकेताच्या मनात कालवाकालव होते, आणि तो वडिलांना पुन्हा पुन्हा विचारतो, मला कुणाला देणार? पुढची कथा मृत्यूच्या दारापर्यंत जाते. ती सुरू होते मात्र एका साध्या गोष्टीतून: जे आपल्या उपयोगाचे राहिले नाही, तेच सोडून त्याला त्याग म्हणणे.

संग्रहाच्या बाबतीत आपण बहुधा असेच करतो. डोळे अधू झाले, हात थरथरू लागले, आठवण गेली, घर लहान झाले, की मग म्हणतो, “आता देऊन टाकू.” तोवर अल्बमला वाळवी लागलेली असते आणि कुठली वस्तू कुठून आली हे सांगणारे कुणी नसते. म्हणून ‘कधी?’ या प्रश्नाचे पहिले उत्तर असे: वस्तूत अजून रस आहे आणि तिच्याबद्दल सांगता येते आहे, तेव्हा. नको झालेली वस्तू टाकायला मन लागत नाही, हवीशी वस्तू योग्य हाती सोपवायला लागते.

दुसरे असे, की भाव चढण्याची वाट पाहण्याला शेवट नसतो. “अजून दोन वर्षं थांबू” हे वाक्य दर दोन वर्षांनी म्हणता येते. थांबायला सबळ कारण असेल तर जरूर थांबा. पण एकदा स्वतःला प्रामाणिकपणे विचारा, मी भावासाठी थांबलो आहे की निरोप टाळतो आहे? आमच्या अभ्यासक्रमात बुडीत खर्चाविषयी शिकवतात. जे खर्च होऊन गेले ते परत येत नाही, त्यामुळे पुढचा निर्णय त्यावरून घेऊ नये. संग्रहाकडे पाहताना हे फार अवघड जाते. “मी यासाठी किती सोसलं” हा आकडा आपण किमतीत धरतो. घेणाऱ्याच्या हिशेबात तो नसतो, आणि मग आपल्याला अपमान झाल्यासारखे वाटते.

तिसरे, सगळे मृत्युपत्रावर सोपवून निश्चिंत होऊ नका. वर ज्या फेरारीचा उल्लेख आला, त्याने आपला अफाट तिकीटसंग्रह बर्लिनच्या टपाल संग्रहालयाला मिळावा असे मृत्युपत्रात लिहून ठेवले होते. संग्रह मात्र पॅरिसमध्ये होता. 1917 साली, पहिले महायुद्ध चालू असताना, तो वारला. फ्रान्स सरकारने तो संग्रह शत्रूची मालमत्ता म्हणून जप्त केला आणि 1921 पासून पुढची काही वर्षे त्याचे तुकड्यातुकड्याने लिलाव झाले. मृत्युपत्र जरूर करावे. पण जे काम आपल्या हाताने होऊ शकते, ते आपल्यामागच्या परिस्थितीवर टाकले की ती परिस्थितीच ठरवते काय व्हायचे ते.

कसा सोडावा? तीन माणसांचे तीन मार्ग

काही जणांनी संग्रह देऊन टाकला. पुण्यातले दिनकर केळकर, म्हणजे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे कवी, यांनी दिवे, अडकित्ते, वज्र्या, वाद्ये, कोरीव दरवाजे अशा रोजच्या वापरातल्या हजारो वस्तू गावोगाव फिरून जमवल्या. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. त्याच्या नावाने त्यांनी संग्रहालय उभे केले आणि आपल्या हयातीतच ते महाराष्ट्र शासनाच्या हाती सोपवले. आज तिथे जाणारे शाळकरी मूल आपल्या खापरपणजीच्या स्वयंपाकघरात डोकावून येते. 

काही जणांनी मधला मार्ग काढला. लंडनचे डॉक्टर हान्स स्लोन 1753 साली वारले तेव्हा त्यांच्याकडे 71,000 हून अधिक वस्तू होत्या. संग्रह एकत्र राहावा, लोकांना पाहता यावा, आणि त्याबदल्यात आपल्या मुलींना 20,000 पौंड द्यावेत असे त्यांनी मृत्युपत्रात लिहिले. पार्लमेंटने ते मान्य केले आणि त्यातून ब्रिटिश म्युझियम जन्माला आले. संग्रह समाजाला मिळाला आणि मुलीही रिकाम्या हाती राहिल्या नाहीत. याच स्लोन यांच्या संपत्तीचा एक भाग जमैकातल्या गुलामांच्या श्रमांवर चालणाऱ्या मळ्यांतून आलेला होता, हेही आज त्या संग्रहालयात सांगितले जाते. वस्तू आपल्याकडे कशी आली, हा प्रश्न ती कशी जाईल याच्याइतकाच महत्त्वाचा आहे.

आणि काही जणांनी चक्क विकून टाकण्यात धर्म पाहिला. फ्रेंच लेखक एदमों द गोंकूर यांनी चित्रांचा आणि जपानी कलावस्तूंचा मोठा संग्रह केला होता. तो संग्रहालयाच्या गार भिंतींत अडकू नये, लिलावात विकला जावा, म्हणजे एकेक वस्तू मिळवताना आपल्याला जो आनंद झाला तो पुन्हा कुणाला तरी होईल, अशी त्यांची इच्छा होती. 1896 साली ते गेले, पुढच्या वर्षी लिलाव झाले, आणि त्यांच्या मृत्युपत्रानुसार स्थापन झालेली साहित्य अकादमी आजही दरवर्षी एका कादंबरीला पुरस्कार देते.

यांतला कुठला मार्ग श्रेष्ठ? मला वाटते, दान श्रेष्ठ आणि विक्री कमी प्रतीची असे सरसकट म्हणता येत नाही. ज्या संस्थेकडे जागा नाही, माणूस नाही, तिच्या गळ्यात आपला संग्रह मारणे हे दान नव्हे. ते आपले ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवणे आहे. उलट, पैसे मोजून घेणारा माणूस त्या वस्तूची काळजी घेण्याची शक्यता जास्त असते. आणि घरात कुणाच्या औषधपाण्याची, शिक्षणाची गरज असेल, तर त्यासाठी संग्रह विकण्यात कमीपणा मुळीच नाही. पाहायचे एवढेच, की वस्तू कुणाकडे चालली आहे आणि आपण तिच्याबद्दल खरे सांगितले आहे का.

काही साध्या, पण सुटू नयेत अशा गोष्टी

यादी करा. वस्तू काय आहे, कधी आणि कुठून मिळाली, किती पैसे दिले, तिच्यात काय उणे आहे. ज्या वस्तूमागे हकिगत आहे ती दोन ओळींत लिहा. भाव अनेकदा कागदोपत्री इतिहासावरही ठरतो, आणि तुमच्या नातवंडांना कदाचित भावापेक्षा त्या दोन ओळीच हव्या असतील.

नाणी चिंच, लिंबू किंवा राख लावून घासू नका. देवाची भांडी लखलखीत असावीत, जुने नाणे नव्हे. घासलेल्या नाण्याची किंमत जाणकारांच्या बाजारात घटते.

एकाच माणसाचे ऐकून सगळे एकगठ्ठा देऊ नका. दोन-तीन ठिकाणी दाखवा. त्याच वेळी अपेक्षा जमिनीवर ठेवा. अलीकडच्या काळातली स्मारक तिकिटे लाखांच्या संख्येत छापली गेली आहेत. ती जपून ठेवली म्हणून दुर्मिळ होत नाहीत.

“हे नाणे असेल तर लाखो रुपये मिळतील” असे निरोप मोबाइलवर फिरत असतात. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी रिझर्व्ह बँकेचे नाव वापरून शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहा, असे खुद्द रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर केले होते. विकणाऱ्याकडूनच आधी पैसे मागणारा माणूस ग्राहक नसतो.

कायदा पाहा. 100 वर्षांहून जुनी नाणी, मूर्ती, चित्रे 1972 च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरतात. ती आपल्याला देशाबाहेर पाठवता येत नाहीत, काही प्रकारांची नोंदणी करावी लागते, आणि त्यांचा व्यापार करणाऱ्याकडे परवाना असावा लागतो. चित्रे, शिल्पे, कलावस्तू विकून झालेल्या नफ्यावर कर लागू शकतो, तेव्हा मोठी विक्री करण्यापूर्वी चार्टर्ड अकाउंटंटला विचारा. दिलेली वस्तू आणि आलेला पैसा दोन्ही स्वच्छ असले, म्हणजे झोप लागते.

आणि घरच्यांशी बोला. “तुम्हाला यातलं काही हवं आहे का?” असे मुलांना सरळ विचारा. नाही म्हणाली तर वाईट वाटून घेऊ नका. त्यांचे तुमच्यावर प्रेम आहे म्हणून तुमचा छंद त्यांना असलाच पाहिजे असे नाही. आपला संग्रह सांभाळण्याचे कर्तव्य मुलांवर लादले, तर आपल्या आनंदाचे आपण त्यांच्यासाठी कर्ज करून ठेवतो.

पातळ झालेला एक कोपरा

आमच्या घरी काय झाले ते सांगते. पहिला घेणारा आला, त्याने अकरा अल्बम दहा मिनिटांत चाळले आणि सगळ्यांची मिळून एक रक्कम सांगितली. ती ऐकून आजोबांचा चेहरा उतरला. आजी, जी विकायच्या विरोधात होती, तीच म्हणाली, “यांना नको. यांनी एकही पान नीट पाहिलं नाही.”

मग तिकीट जमवणाऱ्या ओळखीच्यांकडून एक तिशीतला शिक्षक आला. तो फक्त होळकर संस्थानाची तिकिटे जमवतो. त्याने एका शिक्क्याबद्दल विचारले आणि दोघे दोन तास बोलत बसले. भाव ठरला. पैसे द्यायची वेळ आली तेव्हा आजोबा म्हणाले, “थांबा. या तिकिटाचा मागचा कोपरा पातळ झालाय. जुन्या अल्बममधून काढताना माझ्याच हातून सोलला गेला. उजेडात धरून बघा.” त्याने धरून पाहिले. ते त्याच्या लक्षात आले नव्हते. त्या तिकिटाचा भाव बराच खाली आला.

खरे सांगायचे तर मी मनात चरफडले. तो माणूस स्वतः पाहून घेत होता, आजोबांनी काही खोटे सांगितले नव्हते. तो गेल्यावर मी तसे बोललेही. आजोबा म्हणाले, “त्याला आज ना उद्या दिसलंच असतं. मग तो जेव्हा जेव्हा ते पान उघडेल, तेव्हा तेव्हा मला आठवेल, आणि कसा आठवेल ते तूच सांग.”

त्या क्षणी मला ब्रिटिश गयानाच्या तिकिटामागच्या त्या खुणा आठवल्या. प्रत्येक जण वस्तूवर आपली खूण ठेवून जातो. शाईने ठेवतो असे नाही. ती वस्तू आपण ज्या रीतीने पुढे दिली, तीच आपली खूण असते.

बाकीच्या अल्बमांपैकी स्मारक तिकिटांना फारसे पैसे येणार नव्हते. ती आजोबांनी शेजारच्या शाळेतल्या मुलांना वाटली, आणि छिद्रे कशी मोजायची ते दोन शनिवार जाऊन शिकवले. गांधीजींच्या तिकिटांचे पान मात्र त्यांनी ठेवले आहे, ते मोकळ्या जागेसकट. मी विचारले, “आजोबा, ते चौथं आता घेऊन टाकायचं का? पैसे आले आहेत.” ते हसले. म्हणाले, “नको. वडिलांना घेता आलं नव्हतं, हे त्या जागेमुळेच तर कळतं.” आणि ते पाकीट, ज्याचा पाठवणारा आठवत नाही, तेही त्यांनी ठेवले आहे. अधूनमधून काढून बघतात. आठवले तर आठवले.

म्हणून तुम्हाला एक छोटीशी गोष्ट सुचवते. आज रात्री तुमच्या संग्रहातली एक वस्तू बाहेर काढा. ती हातात घेऊन घरातल्या कुणाला तरी तिची हकिगत सांगा. ऐकायला कुणी नसेल तर वहीत लिहा. मग काही क्षण डोळे मिटून बसा आणि स्वतःला विचारा, ही वस्तू माझ्यानंतर कुणाच्या हातात पाहायला मला आवडेल? उत्तर लगेच येणार नाही कदाचित. उद्या दुसरी वस्तू घ्या. असे करता करता एक दिवस एखाद्या वस्तूच्या बाबतीत एक चेहरा डोळ्यांसमोर येईल. त्या दिवशी ती वस्तू त्या माणसाला द्या. विका किंवा भेट द्या, पण तुमच्या हाताने द्या आणि तिच्याबद्दल जे माहीत असेल ते सगळे सांगून द्या.